चेंबरचा नट गळतोय? आधी पाना खाली ठेवा

जुन्या गाडीखाली रोज सकाळी तेलाचा ठिपका दिसू लागला की पहिला हात जातो पान्याकडे. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याला चेंबर म्हणतात. त्यातलं तेल काढायचा ड्रेन प्लग, म्हणजे गॅरेजच्या बोलीत चेंबरचा नट, पाव फेरा आवळला जातो. दोन दिवस ठिपका थांबतो, तिसऱ्या दिवशी परत येतो. मग आणखी पाव फेरा. असं चार वेळा झालं की ज्या कामाला एक वॉशर पुरला असता त्यासाठी अख्खा चेंबर उतरवावा लागतो, कारण तोवर आटे गेलेले असतात किंवा प्लगभोवतीचा पत्रा दबलेला असतो.

गळणारा प्लग जोराने बंद होत नाही. चेंबरमधल्या तेलाला दाब असा जवळजवळ नसतोच. ऑइल पंपाचा दाब असतो तो वर, बेअरिंगांकडे तेल नेणाऱ्या वाटांमध्ये. खाली तेल नुसतं साठलेलं असतं. दहा सेंटिमीटर उंचीचं तेल प्लगवर जो दाब टाकतं, तो वातावरणाच्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. एवढं अडवायला ताकद कशाला? दोन स्वच्छ, सपाट पृष्ठभाग आणि मध्ये एक मऊ वॉशर, एवढंच लागतं. या तिघांतलं कोण बिघडलंय ते शोधायचं.

पण त्याहीआधी, तेल खरंच प्लगमधून येतंय का?

ठिपका प्लगखाली पडतो, म्हणजे गळती प्लगची, असं नव्हे

प्लग मुद्दामच इंजिनाच्या सगळ्यात खालच्या जागी बसवलेला असतो. त्यामुळे वर कुठूनही ओघळलेलं तेल शेवटी त्याच्याच टोकाला लोंबकळतं. व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग, टॅपेट कव्हर, यांत्रिक फ्युएल पंपाचा बैठकीचा जोड, ऑइल फिल्टर, टायमिंग कव्हरचं सील, चेंबरचं पॅकिंग, मागचं मेन सील, यांपैकी कोणीही गुन्हेगार असू शकतं. धावत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलतो, म्हणून ओल कुठे पसरलीय यापेक्षा सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची ओली जागा कोणती, हे पाहायचं.

त्यासाठी चेंबर, प्लग आणि आजूबाजूचा भाग डिग्रीझरने किंवा रॉकेलने धुऊन पुसून कोरडा करा. रॉकेल पूर्ण उडून जाऊ द्या, मगच इंजिन चालू करा. कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर हलकी फुंकरा आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा. परत आल्यावर टॉर्च घेऊन खाली पाहा. कोरड्या पांढऱ्या पावडरीत तेलाची वाट काळपट रेघ होऊन उठते. रेघ वरून येत असेल तर प्लगला हात लावू नका. प्लगच्या डोक्याभोवती गोल ओला पट्टा आणि वर सगळं कोरडं असेल, तर गळती प्लगचीच.

आता त्याच जागी जवळून पाहा, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात. पत्र्याच्या चेंबरला आतून एक जाड नट वेल्ड किंवा ब्रेझ केलेला (पितळ वितळवून जोडलेला) असतो, आटे त्यात असतात. तेल वॉशरच्या कडेने येत असेल तर प्रश्न वॉशरचा किंवा त्याच्या बैठकीचा, म्हणजे चेंबरवर वॉशर टेकतो त्या जागेचा. पण वॉशरपासून चार-पाच मिलीमीटर बाहेर, त्या नटाच्या जोडावर केसासारखी बारीक काळी रेघ दिसत असेल, तर तडा जोडाला गेलेला आहे. प्लग बदलून तो थांबणार नाही. जागा नीट पुसा, दहा मिनिटं थांबा आणि टिश्यू पेपरचा कोपरा आधी वॉशरच्या कडेला आणि मग जोडाला टेकवा. कोणत्या जागी कागद तेल पितो ते लगेच कळतं.

गळती किती आहे याचाही अंदाज घेऊन ठेवावा. तेलाचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलीलीटर. मिनिटाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला ७२ मिलीलीटर, म्हणजे दोन आठवड्यांत एक लीटर. अशी गाडी डिपस्टिक पाहिल्याशिवाय बाहेर काढू नये. रात्रभरात रुपयाएवढा एकच डाग पडत असेल तर सवडीने काम केलं तरी चालेल.

आटे तेल अडवत नाहीत

सरळ आट्यांच्या प्लगमध्ये नर आणि मादी आट्यांच्या मध्ये नेहमीच थोडी फट असते, नाहीतर प्लग हाताने फिरलाच नसता. तेल त्या फटीतून जिन्याने उतरावं तसं गोल गोल फिरत वॉशरपर्यंत येतं. ते तिथे अडतं किंवा अडत नाही. आट्यांचं काम फक्त प्लगच्या खांद्याने वॉशर दाबून धरणं. म्हणून सरळ आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे. टेप वॉशरचा दोष झाकते आणि तिचे तुटलेले धागे आतल्या बाजूने सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. सिलिकॉन सीलंट थापण्याचंही तेच. बाहेर दिसतं तेवढंच आत दाबलं जातं आणि त्याचा तुकडा निघाला की जातो कुठे, तर जाळीकडे. जाळी बुजली तर इंजिनाला तेल मिळत नाही, आणि मग थेंबाची चिंता करायला इंजिनच उरत नाही.

वॉशर अनेक प्रकारचे असतात. जुन्या गाड्यांत सगळ्यात जास्त तांब्याचा, त्यानंतर ॲल्युमिनियमचा, कुठे लाल फायबरचा. दोन पातळ पत्रे दुमडून केलेला पोकळ तांब्याचा वॉशरही मिळतो. तो आवळताना चपटा होतो आणि एकदाच वापरायचा असतो. बाहेर लोखंडी कडं आणि आत चिकटवलेलं रबर असलेला बाँडेड वॉशर बैठक थोडी खराब असली तरी चांगलं काम करतो, फक्त त्याचं लोखंडी कडं सपाट जागेवर पूर्ण टेकलं पाहिजे आणि रबर गरम तेलाला टिकणारं हवं. नायट्राईल चालतं, व्हायटॉन अधिक काळ टिकतं. फायबरचा वॉशर एकदा तेल पिऊन दबला की परत वापरू नये.

माझं मत विचाराल तर चांगल्या बैठकीवर नवा, मऊ तांब्याचा वॉशरच उत्तम. तो उष्णतेने बिघडत नाही, वर्षानुवर्षं पडून राहिला तरी चालतो आणि परत मऊ करता येतो.

तेल काढणं आणि प्लग उघडणं

गाडी सपाट, टणक जमिनीवर. चाकांना अडण्या लावा, जॅकने उचला आणि चेसिसच्या भक्कम जागी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, अगदी अर्ध्या मिनिटासाठीही नाही. घोड्यांवर ठेवल्यावर गाडीला बाजूने जोरात हलवून बघा. जे काही पडायचं ते तेव्हाच पडू दे.

तेल कोमट असावं, उकळतं नको. इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. नायट्राईलचे हातमोजे घाला. वापरलेलं इंजिन ऑइल वारंवार कातडीला लागणं आरोग्याला घातक आहे. वर तेल भरण्याचं झाकण काढून ठेवा, म्हणजे तेल गचके न खाता सलग येतं.

पाना सहा कोनी गोटीचा (सॉकेटचा) घ्या. बारा कोनी गोटी आणि उघड्या तोंडाचा पाना जुन्या, आधीच झिजलेल्या डोक्याचे कोपरे खातात. काही गाड्यांत डोकं षटकोनी नसतंच: जुन्या रेनोंना ८ मिलीमीटरची चौकोनी चावी लागते, तर काही इंजिनांत आतून षटकोनी खाच असते. अशा खाचेत माती आणि डांबर घट्ट बसलेलं असतं. ते खिळ्याने कोरून काढलं नाही तर चावी अर्धीच आत जाते आणि पहिल्याच झटक्यात खाच गोल होते.

प्लग सुटत नसेल तर डोक्यावर हातोडीचे दोन-तीन सरळ, नेमके ठोके द्या. गंजाची पकड त्याने मोडते. पान्याला लांब पाइप लावून ओढण्याआधी हे करून बघा. उघडी ज्योत तेलाच्या जवळ नेऊ नका. सुटल्यावर शेवटचे दोन आटे उरले की प्लग वर दाबून धरत फिरवा आणि एकदम बाजूला घ्या, म्हणजे धार भांड्यात जाते आणि कोपरापर्यंत येत नाही.

ठिबकणं थांबेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. तोवर प्लग हातात घ्या.

चार गोष्टी तपासायच्या

पहिली वॉशर, आणि त्यातही आधी हे की तो आहे कुठे. प्लगवर नसेल तर चेंबरला चिकटलेला असतो. जुना तांब्याचा वॉशर दबून बैठकीचाच भाग असल्यासारखा दिसतो, त्यावर काळा थर बसलेला असतो, आणि त्याच्यावर पुढच्या माणसाने नवा वॉशर घालून प्लग आवळलेला असतो. असे दोन वॉशर एकावर एक सापडणं फार नेहमीचं आहे. जुना दबलेला, कडक, त्यावर प्लगच्या खांद्याचा गोल चर. नवा त्या चरावर नीट टेकूच शकत नाही. बोटाच्या नखाने किंवा बारीक सुईने बैठकीच्या कडेला पायरी लागते का पाहा. लागली तर पातळ पात्याने वॉशर हळूच सुटा करा, बैठकीला ओरखडा न पाडता.

दुसरी गोष्ट प्लगचा खांदा, म्हणजे वॉशरला टेकणारी डोक्याखालची कड. तिथे चिरे, गंजाचे खड्डे किंवा पान्याने उठलेली कंगोऱ्याची धार नको. सरळ कड त्यावर धरून प्रकाशाकडे बघा. खांदा वाकडा असेल, म्हणजे प्लगच्या दांड्याशी काटकोनात नसेल, तर वॉशर एका बाजूला चेपतो आणि दुसऱ्या बाजूला नुसता स्पर्श करतो. असा प्लग टाकून द्यावा. लेथवर खांदा साफ करून घेता येतो, पण नवा प्लग घेणं जास्त सोपं.

नवा घेताना आट्यांचं माप घ्या, नुसतं नजरेने जुळवू नका. व्हर्निअरने बाहेरचा व्यास आणि थ्रेड गेजने दोन आट्यांमधलं अंतर. एम १४ × १.५ (व्यास १४ मिलीमीटर, आट्यांचं अंतर १.५) हे फार चालणारं माप. एम १२ × १.५, एम १८ × १.५ ही भेटतात. अमेरिकी गाड्यांत अर्धा इंच व्यासाचा, इंचाला २० आट्यांचा यूएनएफ (इंचातलं बारीक आट्यांचं माप) बऱ्याचदा असतो, ब्रिटिश गाड्यांत बीएसपी (ब्रिटिश पाइपांच्या आट्यांची) मापंही असतात. यातली एक जोडी फार फसवी आहे. अर्धा इंच यूएनएफचा व्यास १२.७ मिलीमीटर आणि आट्यांचं अंतर १.२७. एम १२ × १.२५ चा प्लग त्या भोकात हसत हसत जातो, कारण अंतराचा फरक फक्त दोन शतांश मिलीमीटर. पण व्यास ०.७ मिलीमीटरने कमी, त्यामुळे आट्यांची पकड टोकाटोकाची राहते. असा प्लग हाताने फिरवताना डगडगतो. आवळला की काही काळ धरतो आणि एक दिवस भोकातले आटे घेऊन बाहेर येतो. नवा प्लग तीन-चार फेरे हाताने आत घालून बाजूला हलवून बघा. लक्षात येण्याजोगा डगडगला तर तो त्या भोकाचा नाही.

तिसरी गोष्ट बैठक, आणि सगळ्यात जास्त गळत्या इथेच सापडतात. चिंधीवर थोडं पेट्रोल घेऊन ती चकचकीत होईपर्यंत पुसा (इंजिन थंड, आसपास ठिणगी नको). मग टॉर्च आडवी धरा. सरळ प्रकाशात जे दिसत नाही ते आडव्या प्रकाशात सावली टाकतं. शोधायचं काय, तर भोकापासून बाहेरच्या दिशेने जाणारा चरा. गोल, भोकाभोवती फिरणारे चरे फारसे त्रास देत नाहीत, लेथच्या खुणा तशाच असतात आणि तांबं त्यात दबून बसतं. पण आतून बाहेर जाणारा एकच बारीक चरा तेलासाठी तयार गटार असतो. तो बहुतेक वेळा जुना वॉशर स्क्रूड्रायव्हरने उचकटताना पडलेला असतो.

असा चरा घालवायला भोकाच्या व्यासाची लाकडी दांडी आणि तिच्यावर घट्ट बसणारा सपाट लाकडी चकतीचा ठोकळा करा, म्हणजे दांडी भोकात राहून ठोकळा काटकोनात ठेवेल. ठोकळ्याला आधी २४० आणि मग ४०० नंबरचा एमरी पेपर लावून हलक्या हाताने गोल फिरवा. कधीही आडवं-उभं घासू नका. भोकात आत तेल लावलेली चिंधी कोंबून ठेवा, चुरा तिच्यावर पडेल. शेवटी ती न विसरता काढा. ॲल्युमिनियमच्या चेंबरवर २४० नकोच, सरळ ४००.

पत्र्याच्या चेंबरमध्ये बैठकीचा आणखी एक आजार असतो. वर्षानुवर्षं जास्त आवळल्याने भोकाभोवतीचा पत्रा उथळ बशीसारखा होतो. धातूची पट्टी त्यावर आडवी धरली की खाली उजेड दिसतो. तांब्याचा वॉशर तिथे फक्त कडेवर टेकतो. थोडा फरक असेल तर बाँडेड वॉशर निभावून नेतो. जास्त असेल तर चेंबर उतरवून मागे जड लोखंडी ठोकळा धरून पत्रा ठोकून सरळ करावा लागतो.

चौथी गोष्ट आटे. प्लगवरचे आटे धारदार आणि सलग हवेत. त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची चकचकीत तार अडकलेली दिसली तर ती तार म्हणजे चेंबरचे आटेच.

प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा चिखल बोटांत चोळून बघा. राखाडी, मऊ, लोण्यासारखा थर ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा पापुद्रे दिसले, तर गळतीपेक्षा मोठं काम समोर आहे.

तांब्याचा वॉशर परत मऊ कसा करायचा

तांबं दाबलं की कडक होतं. एकदा आवळलेला वॉशर दुसऱ्यांदा तसा दबत नाही, म्हणून तो गळतो. पण तापवून त्याला परत मऊ करता येतं आणि काम पाच मिनिटांचं आहे.

आधी वॉशर सपाट काचेवर ४०० नंबरचा पेपर ठेवून त्यावर आठाच्या आकड्यासारखा फिरवत दोन्ही बाजूंनी घासा. मधला चर जाईपर्यंत. चर खोल असेल आणि घासून घासून वॉशर कागदासारखा पातळ होणार असेल, तर नवाच घ्या. मग तारेला लटकवून गॅसच्या ज्योतीत धरा. अंधाऱ्या खोलीत करा, उजेडात रंग कळत नाही. आधी तो इंद्रधनुषी होतो, मग काळपट, आणि मग मंद, गडद लाल. हा गडद लाल पूर्ण वॉशरवर सारखा आला की झालं. भगव्या-पिवळ्यापर्यंत नेऊ नका, तांबं १०८५ अंशांना वितळतं आणि पातळ कडी त्याआधीच बिघडू लागते. लगेच थंड पाण्यात टाका. पोलादासारखं तांबं पाण्याने कडक होत नाही. हवेत थंड झालं तरी तेवढंच मऊ राहतं. पाण्याचा फायदा एवढाच की वरची काळी साल तडकून सुटते. उरलेली बारीक पेपरने पुसा. असा वॉशर बोटांनी दाबल्यावर थोडा वाकतो. तेवढा मऊ झालाय याची तीच खूण.

ॲल्युमिनियमच्या वॉशरवर हा प्रयोग करू नका. ते ६६० अंशांनाच वितळतं आणि त्याआधी लाल होऊन सूचना देत नाही. हातात वॉशरऐवजी थेंब उरतो.

आटे गेले असतील तर

प्लग आवळताना घट्ट होत होत अचानक मऊ लागला आणि फिरतच राहिला, तर आटे गेले. इथे घाई सगळ्यात महाग पडते.

आटे नुसते मळलेले किंवा पहिलाच आटा चेपलेला असेल तर थ्रेड चेसर फिरवा. टॅप धातू कापतो, चेसर आटे साफ करतो. निरोगी आट्यांतून टॅप फिरवला तर तो त्यांनाही थोडा पातळ करतो. टॅप वापरायचाच असेल तर त्याच्या खाचा ग्रीसने भरा, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि दर दोन फेऱ्यांनी टॅप काढून पुसा.

आटे खरोखर गेले असतील तर तीन वाटा. पहिली, भोक मोठं करून पुढच्या मापाचा प्लग: एम १४ × १.५ वरून एम १६ × १.५ वर जायचं तर १४.५ मिलीमीटरचं ड्रिल आणि मग टॅप. भोवती पुरेशी जाडी असेल तरच. दुसरी, तारेची इन्सर्ट, जिला सगळे हेलिकॉइल म्हणतात. तिच्या संचातलंच ड्रिल आणि टॅप वापरायचं, साधा टॅप चालत नाही. तिसरी, कॉलर असलेली भरीव स्टील बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली जाड नळी. ॲल्युमिनियमच्या चेंबरसाठी मी हीच सुचवेन. दर वेळी तेल बदलताना उघडणाऱ्या जागी तारेची इन्सर्ट प्लगबरोबर सुटून बाहेर येऊ शकते, भरीव बुश तशी येत नाही. बुश बसवताना बाहेरच्या आट्यांना उष्णता सहन करणारा थ्रेड लॉकर (आटे चिकटवून धरणारा द्रव) लावा, कारण तेल बुशच्या बाहेरूनही वाट काढू शकतं. बुशची कॉलर बैठकीच्या पातळीत किंवा केसभर आत बसली पाहिजे. वर राहिली तर वॉशर तिच्यावर तरंगतो.

आणि हे सगळं चेंबर उतरवून केलं तर उत्तम. गाडीवरच करायचं झालं तर ड्रिलला भरपूर ग्रीस, प्रत्येक पायरीनंतर सफाई, आणि शेवटी वरून अर्धा-एक लीटर स्वस्त नवं तेल ओतून भोकातून वाहू द्यायचं, दोनदा. पांढऱ्या कापडातून ते गाळा. दुसऱ्या वेळेस कापडावर चमक दिसली तर तिसऱ्यांदा.

स्वतःच आटे कापत जाणारा ओव्हरसाइज प्लग दुकानात मिळतो. तो मला पसंत नाही. कापलेला चुरा आत पडतो, आणि सुरुवात जरा तिरकी झाली तर खांदा कायमचा तिरका राहतो, म्हणजे आटे मिळाले पण गळती तशीच. भोकात फुगणारा रबरी प्लग गाडी घरी आणण्यापुरता ठीक, त्यावर महिना काढू नका.

जोडाला तडा असेल तर चेंबर उतरवणं अटळ. पूर्ण धुऊन, आतल्या घड्यांतलं तेल निघेपर्यंत गरम साबणाच्या पाण्याने साफ करून मगच ब्रेझिंग किंवा टिग वेल्डिंग. तेलकट चेंबरवर ज्योत धरली तर आग लागते आणि जोडही सच्छिद्र होतो. बाहेरून इपॉक्सी लावून वेळ मारून नेता येते असं वाटतं. पण तड्यातून सतत झिरपणाऱ्या तेलावर इपॉक्सी धरत नाही. जोड झाल्यावर बैठक परत सपाट करा, उष्णतेने ती हमखास वळते. मग चेंबरमध्ये रॉकेल ओतून रात्रभर कागदावर ठेवा. रॉकेल तेलापेक्षा पातळ, ते थांबलं तर तेल थांबणारच.

काही गाड्यांची वेगळी तऱ्हा

निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसतोच. तिथे आटेच पाचरीसारखे घट्ट होऊन तेल अडवतात. म्हणूनच तो ॲल्युमिनियममध्ये जास्त आवळला की भोक फाडतो. गळत असेल तर साफ करून अॅनेरोबिक (हवा नसताना घट्ट होणारं) थ्रेड सीलंट लावा, आतल्या टोकाचे पहिले दोन आटे कोरडे सोडून.

एअर-कूल्ड फोक्सवॅगन बीटलमध्ये गोल पत्र्याची प्लेट सहा एम ६ नटांवर असते, वर जाळी, जाळीच्या दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग, आणि अनेक वर्षांच्या मॉडेलांत प्लेटच्या मधोमध प्लग. या सहा नटांना फक्त ७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, लागतो. जास्त आवळलं की प्लेट कमानीसारखी वाकते आणि मॅग्नेशियम मिश्रधातूच्या केसमधून स्टड उपटून येतात. नटांखालचे तांब्याचे छोटे वॉशरही बदलायचे, कारण तेल स्टडच्या आट्यांवरून खाली येतं. वाकलेली प्लेट लाकडावर ठोकून सरळ करता येते.

मूळ मिनीमध्ये गिअरबॉक्स इंजिनाखालीच, त्याच तेलात. प्लग गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियम केसमध्ये असतो, म्हणजे आटे गेले तर उतरवायला सुटा चेंबर नाही. त्या गाडीवर टॉर्क पान्याशिवाय (ठरावीक टॉर्क मोजून आवळणाऱ्या पान्याशिवाय) प्लग आवळू नये, एवढंच सांगेन.

बसवणं

बैठक, खांदा, वॉशर, तिन्ही कोरडे आणि स्वच्छ. प्लग हाताने, पान्याशिवाय, वॉशर टेकेपर्यंत आत गेला पाहिजे. मध्येच अडला तर बाहेर काढून उलटा फिरवा, आट्याचं टोक खट्कन बसल्याचं जाणवतं, तिथून परत सुरू करा.

टॉर्क गाडीच्या पुस्तकातला घ्या. पुस्तकात फूट-पाउंड असतील तर १.३६ ने गुणून न्यूटन मीटर मिळतात, किलोग्रॅम-मीटर असतील तर ९.८ ने. पुस्तक नसेल तर पत्र्याच्या चेंबरमधल्या एम १४ प्लगला तांब्याच्या वॉशरसह ३० ते ३५, ॲल्युमिनियममध्ये २५ च्या आसपास. एम १२ साठी आणखी कमी. हातात हा जोर कसा लागतो ते कळावं म्हणून: ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला १२ किलोचा ओढा दिला की ३५ न्यूटन मीटर होतात. गाडीखाली पाठीवर झोपून दोन हातांनी ओढणारा माणूस याच्या तिप्पट जोर सहज लावतो आणि त्याला तो जोर वाटतही नाही. एम १४ प्लगवर ३५ न्यूटन मीटरनेच सव्वा टनाच्या आसपास दाब वॉशरवर येतो. तेवढा पुरतो.

तेल भरा, डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर नाही. इंजिन चालू करून प्रेशरचा दिवा विझतोय ते पाहा, पाच मिनिटांनी बंद करा. प्लगभोवती बोट फिरवा. मग गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवून आणा आणि परत पाहा. गरम तेल पातळ असतं, थंड असताना न दिसलेली गळती तेव्हा दिसते. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना टॉर्क पाना त्याच आकड्यावर लावून एकदा टेकवा. नवं तांबं पहिल्या तापण्यात थोडं बसतं, प्लग दोन-चार अंश फिरेल. त्यानंतर हात लावायचा नाही.

सगळं नीट करूनही प्लगच्या जागी ओल येत असेल, तर ब्रीदरची, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर सोडणारी, नळी काढून फुंकून पाहा. ती बुजली की पिस्टनच्या कडेने खाली येणारा वायू चेंबरमध्ये कोंडतो आणि तेलाला प्रत्येक जोडातून बाहेर ढकलतो. चालू इंजिनवर तेल भरण्याचं झाकण उचललं आणि आतून जोरात फुफाटा आला, तर एकतर ब्रीदर बुजलाय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. ब्रीदर साफ केल्यावर जी गळती आपोआप थांबते, तिच्यासाठी वॉशर बदलत बसण्यात अर्थ नसतो.

काढलेलं तेल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याकडे द्या. गटारात किंवा मातीत नको. आणि पुढच्या वेळेसाठी प्लगच्या मापाचे दोन-तीन मऊ केलेले वॉशर तारेत ओवून, आट्यांचं माप लिहिलेली चिठ्ठी लावून, गाडीच्या पुस्तकाबरोबर ठेवून द्या.